पाणथळ जमिनीतील पोलादी खांब : पायाचे शास्त्र आणि विकासाचा आधार

हरियाणा राज्याच्या ईशान्य टोकाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी आणि घग्गर नदीच्या काठी पंचकुला हे शहर वसले आहे. चंदीगड आणि मोहालीसमवेत ते एका मोठ्या नागरी समूहाचा भाग आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी पंचकुला हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याच्या वीजक्षेत्राच्या दृष्टीने या शहराला विशेष महत्त्व आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये हरियाणा राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि निर्मिती व पारेषण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. १९९९ मध्ये वितरणाचे काम आणखी दोन कंपन्यांकडे सोपविण्यात आले. त्यांपैकी हरियाणा विद्युत प्रसारण निगम या पारेषण कंपनीचे मुख्यालय पंचकुला येथील शक्ती भवनात आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महापारेषण कंपनी स्थापन झाली, त्याच स्वरूपाची ही रचना होय.

पंचकुल्याची स्वतःची जमीन दगडगोट्यांची आणि वाळूमिश्रित आहे. टेकड्यांवरून आलेले पाणी तिच्यातून लवकर खाली झिरपते. परंतु या शहरातून ज्यांचे नियोजन होते त्या वीजवाहिन्या राज्याच्या मध्य व पश्चिम भागांत पोहोचतात, तेव्हा जमिनीचे स्वरूप पूर्णपणे बदललेले असते. रोहतक, झज्जर, सोनीपत, भिवानी, हिसार, सिरसा या जिल्ह्यांतील अनेक गावांत भूजल जमिनीच्या पृष्ठभागापासून अवघ्या एक-दोन मीटरवर आहे. पावसाळ्यानंतर काही ठिकाणी ते शेतातच उभे राहते. अशा चिबड जमिनीत उच्चदाब वाहिनीचा पोलादी मनोरा उभा करावयाचा असतो. मनोरा कलला तर वाहिनी बंद पडते, आणि त्या परिसरातील साचलेले पाणी उपसणारे पंपही त्याच विजेवर चालतात. म्हणजेच ज्या पाण्यामुळे पाया कमकुवत होतो, ते पाणी हटविण्याचे साधन त्या पायावरच अवलंबून असते. म्हणूनच पाणथळ जमिनीत पोलादी खांबाला आधार कसा द्यावयाचा, हा प्रश्न केवळ बांधकामापुरता मर्यादित राहत नाही. शेती, ऊर्जा आणि सार्वजनिक सुरक्षितता या तिन्हींशी तो निगडित आहे.

जमीन चिबड का होते?

केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाच्या १९९१ च्या कार्यगटाने ठरविलेल्या निकषांनुसार भूजलपातळी पृष्ठभागापासून २ मीटरच्या आत असल्यास ती जमीन पाणथळ मानली जाते. २ ते ३ मीटरच्या दरम्यान पातळी असल्यास ती पाणथळ होण्याची शक्यता असलेली, तर ३ मीटरपेक्षा खाली असल्यास सुरक्षित समजली जाते.

हरियाणाच्या मध्यभागाची रचना बशीसारखी आहे. पावसाचे आणि कालव्यांतून झिरपलेले पाणी तेथे जमा होते. परंतु ते नैसर्गिकरीत्या बाहेर वाहून नेणारी मोठी नदी नाही. पश्चिम यमुना कालवा आणि भाखडा कालवा प्रणालीमुळे सिंचन वाढले, त्याबरोबर जमिनीत मुरणारे पाणीही वाढले. या पट्ट्यातील भूजल खारे असल्याने शेतकरी ते उपसत नाहीत. याउलट कर्नाल, कुरुक्षेत्र, कैथल या गोड्या पाण्याच्या जिल्ह्यांत भातशेतीसाठी अमर्याद उपसा झाल्याने पाणी खोल गेले आहे. एकाच राज्यात भूजल एकीकडे वर येते आणि दुसरीकडे खाली जाते, हे हरियाणाचे वैशिष्ट्य स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. क्षारयुक्त जमिनींच्या संशोधनासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था कर्नाल येथेच आहे.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आल्यानंतर काही जमिनी चिबड आणि क्षारपड झाल्या. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील उसाच्या पट्ट्यात कृष्णाकाठच्या काळ्या जमिनींची हीच स्थिती झाली. मुंबई इलाख्याच्या सिंचनविषयक प्रश्नांच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये जो विशेष कक्ष सुरू झाला, त्याचाच विस्तार पुढे पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात झाला.

भाराचा प्रवास : पोलादाकडून मातीकडे

पोलाद, काँक्रीट आणि माती यांच्या सामर्थ्यात फार मोठे अंतर असते. पायाचे मूलभूत कार्य म्हणजे भार टप्प्याटप्प्याने अधिकाधिक क्षेत्रावर पसरविणे, जेणेकरून प्रत्येक पदार्थावर त्याला झेपेल एवढाच दाब यावा.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एका पोलादी खांबावर ४०० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ४० टन भार आहे असे मानू. खांबाच्या छेदाचे क्षेत्रफळ ६५ चौरस सेंटिमीटर असेल, तर पोलादावरील ताण प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ६१.५ न्यूटन येतो. सामान्य पोलाद तो सहज पेलते. परंतु खांब थेट काँक्रीटवर टेकविला, तर साध्या प्रतीचे काँक्रीट त्याखाली चिरडले जाईल. म्हणून खांबाच्या तळाशी जाड पोलादी बेस प्लेट बसवितात. ती ४० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद असल्यास काँक्रीटवरील दाब प्रति चौरस मिलिमीटर २.५ न्यूटन इतका उतरतो. काँक्रीटचा पाया २ मीटर लांब-रुंद असल्यास मातीवरील दाब प्रति चौरस मीटर १०० किलोन्यूटन, म्हणजेच प्रति चौरस मिलिमीटर ०.१ न्यूटन होतो. पायाचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही. पोलादापासून मातीपर्यंत येताना दाब सहाशे पटींहून अधिक कमी झाला, आणि हीच पायाची किमया आहे.

बेस प्लेट आणि काँक्रीट यांच्यामध्ये न आकसणाऱ्या सिमेंट मिश्रणाचा थर भरतात. त्यामुळे प्लेट सर्वत्र सारखी टेकते. काँक्रीटमध्ये रोवलेले अँकर बोल्ट खांबाला जागेवर धरून ठेवतात आणि वाऱ्यामुळे निर्माण होणारे ओढबल पायात नेतात. विद्युत मनोऱ्यांच्या बाबतीत बहुधा बेस प्लेटऐवजी पायाच्या अँगलचा तुकडा, म्हणजे स्टब, थेट काँक्रीटमध्ये गाडला जातो.

पाणी मातीची ताकद कशी हिरावते?

मातीचे कण एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांच्यातील परस्पर दाबामुळे घर्षण निर्माण होते आणि त्या घर्षणावरच मातीची, विशेषतः वाळूची, ताकद अवलंबून असते. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की पाणी स्वतःचा दाब टाकते आणि कणांवरील भाराचा काही हिस्सा आपल्यावर घेते. मात्र पाण्याला घर्षण नसते. एकूण दाबातून रंध्रांतील पाण्याचा दाब वजा केल्यावर जो उरतो, त्याला प्रभावी दाब म्हणतात. आधुनिक मृदायांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टर्झाघी यांनी १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथापासून या शास्त्राला स्वतंत्र स्थान मिळाले.

कोरड्या मातीचे वजन प्रति घनमीटर १८ किलोन्यूटन धरल्यास २ मीटर खोलीवर प्रभावी दाब प्रति चौरस मीटर ३६ किलोन्यूटन असतो. भूजल पृष्ठभागापर्यंत आले आणि भिजलेल्या मातीचे वजन २० किलोन्यूटन धरले, तर एकूण दाब ४० होतो. पण त्यातून पाण्याचा दाब सुमारे २० वजा जातो. म्हणजे माती जड झाली, तरी कणांमधील प्रभावी दाब ३६ वरून २० वर आला.

पायाच्या वहनक्षमतेसाठी असलेल्या भारतीय मानक ६४०३ : १९८१ मध्ये हाच परिणाम हिशेबात घेतला आहे. पायाच्या रुंदीशी निगडित असलेल्या पदाला एक जलसुधारणा गुणांक लावला जातो. भूजल पायाच्या तळापासून किमान पायाच्या रुंदीएवढे खाली असेल, तर हा गुणांक १ असतो. ते तळापर्यंत किंवा त्याहून वर आल्यास तो ०.५ होतो. याचाच अर्थ वालुकामय जमिनीत पाणी चढल्यास वहनक्षमता जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते.

चिकणमातीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यातून पाणी अतिशय सावकाश बाहेर पडते. नवा भार प्रथम पाण्यावर येतो आणि पाणी हळूहळू निघून जाईल तसतशी माती दबत जाते. या क्रियेला दृढीकरण म्हणतात आणि ती कित्येक वर्षे चालू शकते. खांब सर्व बाजूंनी सारखे खचले तर हानी मर्यादित राहते. असमान खचणे मात्र घातक ठरते. भारतीय मानक १९०४ : १९८६ नुसार पोलादी सांगाड्याच्या सुट्या पायांचे खचणे सर्वसाधारणपणे ५० मिलिमीटरपर्यंत आणि दोन पायांमधील फरक त्यांच्यातील अंतराच्या ०.००३३ पटीपर्यंत मर्यादित ठेवावा लागतो. दोन पायांत ६ मीटर अंतर असल्यास हा फरक अवघा २० मिलिमीटर होतो.

खाली दाबणारे आणि वर उचलणारे बल

इमारतीचा खांब मुख्यतः खाली दाबतो. विद्युत मनोऱ्याचे तसे नसते. मनोरा हलका पण उंच असतो आणि त्याच्यावर वाऱ्याचे व तारांच्या ओढीचे आडवे बल येते. त्यामुळे वाऱ्याच्या पुढील बाजूचे दोन पाय जमिनीत दाबले जातात, तर मागील बाजूचे दोन पाय जमिनीतून उपटले जाऊ पाहतात. या उत्थापन बलाला विरोध करण्यासाठी दोनच गोष्टी असतात : काँक्रीटचे वजन आणि पायाच्या पसरट तळावर उभ्या असलेल्या मातीच्या उलट्या शंकूसारख्या किंवा पिरॅमिडसारख्या खंडाचे वजन.

पाणथळ जमिनीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दुबळ्या होतात. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात बुडालेल्या काँक्रीटवर प्लावक बल कार्य करते आणि त्याचे परिणामी वजन प्रति घनमीटर २,४०० किलोग्रॅमवरून १,४०० किलोग्रॅमवर येते. पारेषण वाहिन्यांच्या संकल्पनात कोरड्या मातीचे वजन प्रति घनमीटर १,४४० किलोग्रॅम आणि मातीच्या खंडाचा उभ्या रेषेशी असलेला कोन ३० अंश धरण्याची पद्धत आहे. भिजलेल्या जमिनीसाठी हे आकडे ९४० किलोग्रॅम आणि १५ अंश असे घेतले जातात.

तळाची बाजू २ मीटर आणि खोली ३ मीटर असलेल्या चौरस पायाचा विचार करू. कोरड्या जमिनीत त्याच्यावरील मातीच्या खंडाचे घनफळ सुमारे ४४.८ घनमीटर आणि वजन ६४.५ टन भरते. पाणथळ जमिनीत कोन कमी झाल्याने घनफळ २४.२ घनमीटर उरते आणि वजन २२.८ टन होते. काँक्रीट ४ घनमीटर असल्यास त्याचे वजन ९.६ टनांवरून ५.६ टनांवर येते. काँक्रीटने मातीची जागा किती व्यापली हा बारकावा सोडून दिला, तरी एकूण विरोध ७४ टनांवरून २८ टनांवर घसरतो. खड्डा तोच, काँक्रीट तेवढेच, परंतु उपटले जाण्यास होणारा विरोध चाळीस टक्क्यांहूनही कमी! तळाची बाजू ३ मीटर केली, तरी मातीचे वजन ४१ टनांच्या आसपासच पोहोचते. कोरड्या जमिनीसाठी काढलेला आराखडा पाणथळ जमिनीत जसाच्या तसा वापरणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून समजते.

वर्गीकरण आणि भूस्तर तपासणी

विद्युत मनोरे व खांब यांच्या पायांसाठी भारतीय मानक ४०९१ : १९७९ उपलब्ध आहे. देशातील पारेषण कामांत रूढ असलेल्या वर्गीकरणानुसार भूजल पृष्ठभागापासून १.५ मीटर किंवा त्याहून खाली, पण पायाच्या खोलीत लागत असेल, तर पाया 'ओला' समजला जातो. पाणी ०.७५ ते १.५ मीटरच्या दरम्यान असल्यास तो 'अंशतः बुडालेला' आणि ०.७५ मीटरच्या आत असल्यास 'पूर्णतः बुडालेला' ठरतो. काळ्या मातीसाठी व खडकासाठी वेगळे वर्ग आहेत. प्रत्येक वर्गागणिक पायाचा आकार आणि त्याबरोबर खर्च बदलतो.

येथे तपासणीच्या वेळेला फार महत्त्व येते. मे महिन्यात घेतलेल्या छिद्रात पाणी २.५ मीटरवर लागले, म्हणून ऑक्टोबरमध्येही ते तेथेच असेल असे नाही. संकल्पन करताना वर्षातील सर्वाधिक चढलेली पातळी गृहीत धरावी लागते. त्यासाठी आसपासच्या विहिरींच्या नोंदी, कालव्यांचे वेळापत्रक आणि पूर्वीच्या पुरांच्या खुणा पाहणे आवश्यक असते. सप्टेंबर १९९५ मध्ये रोहतक शहर व परिसर दीर्घकाळ पाण्याखाली होता. जुलै २०२३ मध्ये घग्गरच्या पुराने पंचकुल्यापासून सिरशापर्यंतच्या जिल्ह्यांना फटका दिला. एखादे शेत आज कोरडे दिसले, तरी या नोंदींकडे दुर्लक्ष करता येत नाही.

पायाचे पर्याय

भार कमी आणि माती बऱ्यापैकी घट्ट असल्यास सुटा, पसरट पाया पुरेसा असतो. केवळ त्याचा तळ मोठा करावा लागतो. खांब जवळजवळ असतील आणि जमीन सर्वत्र मऊ असेल, तर सर्व खांबांखाली एकच सलग काँक्रीट फळी, म्हणजे राफ्ट, घातली जाते. त्यामुळे असमान खचणे कमी होते. मऊ थर खोलवर असल्यास स्थूणा, अर्थात पाइल, घट्ट थरापर्यंत नेतात. भारतीय मानक २९११ च्या विविध भागांत स्थूणांचे नियम दिलेले आहेत. खोडाला तळाशी कंदासारखा फुगवटा असलेली स्थूणा रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली. फुगवट्याचा व्यास सामान्यतः खोडाच्या अडीच पट असतो. प्रसरणशील काळ्या जमिनीत ती विशेष उपयुक्त ठरली. शिवाय फुगवट्यामुळे उत्थापन बलालाही चांगला विरोध होतो. मात्र भूजलाखालील सैल वाळूत छिद्राच्या कडा ढासळतात. तेथे बेंटोनाइट द्रावणाने कडांना आधार द्यावा लागतो.

पाण्याने भरलेल्या जमिनीत लोखंडी खांब उभा करण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर मिचेल या आयरिश अभियंत्याने १८३० च्या दशकात पात्याचे स्क्रू असलेली लोखंडी स्थूणा शोधून काढली. ती जमिनीत ठोकण्याऐवजी फिरवून खाली नेली जाते. इंग्लंडमध्ये दीपगृहांसाठी वापरलेले हे तंत्र मुंबईच्या उत्तरेस बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने आपल्या पुलांसाठी स्वीकारले. १८६४ मध्ये ही रेल्वे मुंबईत पोहोचली, तेव्हा वसईच्या खाडीवरील पूल अशाच बिडाच्या स्क्रू स्थूणांवर उभा होता. खाडीच्या चिखलात खड्डा खणून कोरडे काम करणे जवळजवळ अशक्य होते. स्क्रू स्थूणेला खड्डाच लागत नाही आणि तिचे पाते वर उचलले जाण्यासही विरोध करते. आधुनिक पोलादाच्या स्क्रू स्थूणा आजही जगभर याच कारणासाठी वापरल्या जातात. ठाणे खाडीच्या खारफुटीत उभे असलेले विद्युत मनोरे पाहिले की पाणथळ भूमीतील पायांचा प्रश्न महाराष्ट्रात आजही किती जवळचा आहे, हे कळते.

खड्ड्यातील कसोटी

कागदावरील संकल्पन कितीही अचूक असले, तरी पाणथळ जमिनीत खरी परीक्षा खोदकामाच्या वेळी होते. खड्ड्यातील पाणी उपसले की बाहेरील पाणी तळातून वर येऊ लागते. वर वाहणारे पाणी वाळूचे कण उचलू पाहते. मर्यादेपलीकडे हा प्रवाह वाढला की प्रभावी दाब शून्य होतो आणि तळ उकळल्यासारखा दिसू लागतो. ही मर्यादा कणांच्या विशिष्ट गुरुत्वातून १ वजा करून, त्याला १ अधिक पोकळी गुणोत्तराने भागले असता मिळते. विशिष्ट गुरुत्व २.६७ आणि पोकळी गुणोत्तर ०.६७ असल्यास उत्तर १ येते. म्हणजे पाण्याने जेवढे अंतर कापावयाचे, तेवढाच पातळीतील फरक झाला की वाळू निराधार होते.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे खड्ड्याभोवती पोलादी पत्र्यांच्या स्थूणा खोलवर ठोकून पाण्याचा मार्ग लांबविणे. दुसरा म्हणजे खड्ड्याबाहेर बारीक नलिकांची रांग बसवून भूजलपातळीच खाली आणणे. वेलपॉइंट नावाच्या या पद्धतीत एका टप्प्यात साधारणपणे ५ ते ६ मीटरपर्यंत पातळी उतरविता येते. वाळूत ती चांगली चालते; चिकणमातीत पाणी सावकाश येत असल्याने कोपऱ्यातील खळग्यात पाणी गोळा करून उपसणेही पुरेसे ठरते. उपशामुळे जवळच्या घरांखालील माती दबू नये, याकडे लक्ष द्यावे लागते.

काँक्रीट घालताना सर्वांत अधिक चुका होतात. साचलेल्या पाण्यात वरून टाकलेल्या काँक्रीटमधील सिमेंट धुतले जाते आणि तळाशी केवळ खडी-वाळू उरते. पाणी काढणे शक्य नसल्यास ट्रेमी नावाच्या उभ्या नळीतून काँक्रीट तळापर्यंत नेतात आणि नळीचे टोक सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेले ठेवतात. भारतीय मानक ४५६ : २००० नुसार पाण्याखालील काँक्रीटमध्ये प्रति घनमीटर किमान ३५० किलोग्रॅम सिमेंट असावे आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.६ पेक्षा अधिक नसावे. काँक्रीट घालताना आणि नंतरचे २४ तास पायाच्या आवारातून पाणी उपसू नये. उपसावयाचेच असल्यास काँक्रीटपासून जलरोधक भिंतीने वेगळ्या केलेल्या खळग्यातून उपसावे. पंप ताज्या काँक्रीटमधील सिमेंट ओढून नेऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

भिजलेल्या मातीची उभी कड क्षणार्धात कोसळते. खोल खड्ड्यात उतरलेल्या कामगाराला तेथून निसटण्यास वेळ मिळत नाही. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र भारतीय मानक ३७६४ आहे. खड्ड्याला उतार किंवा लाकडी-पोलादी आधार देणे, खणलेली माती कडेपासून दूर टाकणे आणि उतरण्या-चढण्यासाठी शिडी ठेवणे या साध्या गोष्टींवर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

क्षार आणि गंज

चिबड जमिनीतील पाणी बहुधा क्षारयुक्त असते. त्यातील सल्फेट काँक्रीटवर, तर क्लोराइड काँक्रीटमधील पोलादावर आघात करते. गंजाचे घनफळ मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने काँक्रीट आतून फुटते आणि पाण्याला नवी वाट मिळते. सल्फेट असेल तेथे सल्फेटरोधक सिमेंट वापरावे, हे उत्तर अनेक विद्यार्थी पाठ करतात. परंतु सल्फेट आणि क्लोराइड दोन्ही एकत्र असतील, तर मानक ४५६ वेगळी शिफारस करते. सल्फेटरोधक सिमेंटमध्ये क्लोराइडला बांधून ठेवणारा घटक कमी असतो. म्हणून अशा ठिकाणी त्या घटकाचे ५ ते ८ टक्के प्रमाण असलेले साधे पोर्टलँड सिमेंट किंवा ५० टक्क्यांहून अधिक धातुमळी असलेले स्लॅग सिमेंट अधिक योग्य ठरते.

पोलादी खांब सर्वाधिक गंजतो तो जमिनीच्या पातळीवर. तेथे पाणी आणि हवा दोन्ही आळीपाळीने मिळतात. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला प्राणवायू कमी मिळत असल्याने तेथे गंजण्याची गती तुलनेने मंद असते. म्हणूनच काँक्रीटचा चौथरा जमिनीच्या वर उचलून घेतात, त्याच्या माथ्याला बाहेर उतार देतात आणि पोलाद व काँक्रीट यांच्या सांध्यात पाणी साचू देत नाहीत. मनोऱ्यांच्या पायांत हा माथा साधारणपणे २२५ मिलिमीटर वर ठेवतात. पूरप्रवण भागात पुराची पातळी पाहून तो आणखी वाढवितात. पायातील सळ्यांवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असणे बंधनकारक आहे.

भूकंपाचा विचार

भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीत चंदीगड भूकंपप्रवणतेच्या चौथ्या विभागात दाखविले आहे. सैल, बारीक आणि पाण्याने भरलेली वाळू भूकंपात हादरली की रंध्रजलदाब वाढून ती काही काळ द्रवासारखी वागते. या द्रवीकरणात पाया खचतो किंवा कलतो. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात कांडला बंदरातील स्थूणांवर उभारलेला मनोरा याच कारणाने कलला होता. स्थूणा आहेत म्हणजे पाया सुरक्षित आहे, हा समज त्या घटनेने खोटा ठरविला. स्थूणा द्रवीकरण होऊ शकणाऱ्या थराच्या खाली पुरेशा खोल जाणे आवश्यक असते.

पाया आणि निचरा : एकत्रित दृष्टी

हरियाणात आणि सांगली जिल्ह्यातही जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून पाण्याचा निचरा करण्याचे प्रकल्प राबविण्यात आले आहेत. त्यामुळे भूजलपातळी खाली जाते, जमीन पुन्हा लागवडीखाली येते आणि तेथील पायांवरील ताणही कमी होतो. मात्र निचरा योजना पुढे बंद पडू शकते, पंप नादुरुस्त होऊ शकतो. मनोऱ्याचे आयुष्य काही दशकांचे असते. म्हणून निचऱ्यामुळे पाणी उतरले असले, तरी पायाचे संकल्पन ते पुन्हा चढेल असे समजूनच करणे शहाणपणाचे ठरते.

पायावर केलेला खर्च पूर्ण झालेल्या कामात दिसत नाही. मनोरा दिसतो, तारा दिसतात, गावात वीज आलेली दिसते. जमिनीखालचे काँक्रीट कोणी पाहत नाही. याच कारणाने काटकसरीची कात्री अनेकदा भूस्तर तपासणीवर आणि पायावर प्रथम चालते. परंतु एक अधिकचे छिद्र घेण्याचा, पावसाळ्यानंतर पुन्हा पातळी मोजण्याचा किंवा योग्य सिमेंट निवडण्याचा खर्च हा कोसळलेला मनोरा पुन्हा उभारण्याच्या आणि त्या काळात अंधारात राहिलेल्या गावांच्या हानीपुढे नगण्य असतो. पंचकुल्याच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या भूमीवर बसून रोहतकच्या चिबड शेतातील पायाचा आराखडा मंजूर करणाऱ्या अभियंत्याला नकाशाबरोबर त्या शेतातील ऑक्टोबरमधील पाण्याची पातळीही माहीत असावी लागते. पायाभूत सुविधा या शब्दातील 'पाया' शब्दशः मजबूत असेल, तरच तिच्यावर उभा राहणारा विकास टिकाऊ ठरतो.